विश्लेषण : आधी मन बिघडते, मग शरीर! आनुवंशिक मेंदूविकार आणि मानसिक आजार यांचा संबंध काय?

चाळिशीतला कर्ता माणूस हळूहळू चिडचिडा होतो, कामावरून त्याचे मन उडते, घरच्यांवरच संशय घेऊ लागतो. गावात कुणी ‘टेन्शन’ म्हणते, कुणी ‘दारू’, तर कुणी ‘बाहेरचे’. त्याचे वडीलही शेवटी असेच झाले होते, ही गोष्ट मात्र डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही. काही आनुवंशिक आजारांत मेंदूची झीज हातपाय थरथरण्याच्या कितीतरी आधी स्वभावात आणि मनःस्थितीत दिसू लागते. हे आजार कोणते, ते ओळखायचे कसे आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील कुटुंबाने नेमके काय करायचे, याविषयी...

मेंदूची झीज करणारे आनुवंशिक आजार कोणते?

मेंदूतील पेशी त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींसारख्या सहजी पुन्हा तयार होत नाहीत. काही आजारांत या पेशी वर्षानुवर्षे एकेक करून निकामी होत जातात. अल्झायमर आणि पार्किन्सन ही त्यातली सर्वांच्या परिचयाची नावे. पण या दोन आजारांचे बहुतेक रुग्ण थेट आनुवंशिक नसतात. वाढते वय हे त्यांचे मोठे कारण असते. कमी वयात सुरू होणारा, घराण्यात चालत येणारा अल्झायमर एकूण रुग्णांत एक टक्क्याहूनही कमी आढळतो.

काही आजार मात्र एकाच जनुकातील बिघाडामुळे होतात आणि पिढ्यांमधून पुढे जातात. हंटिंग्टन, विल्सन, तोल जाणाऱ्या ‘स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया’चे अनेक प्रकार आणि ‘फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया’चे काही प्रकार या गटात येतात. हे आजार दुर्मीळ आहेत. पण ज्या घरात ते असतात, तिथे ते एकालाच गाठून थांबत नाहीत. भाऊ, बहीण, मुले अशा अनेकांचा प्रश्न एकाच वेळी उभा राहतो.

मानसिक लक्षणे आधी का दिसतात?

मेंदूच्या खोलवर पेशींचे काही पुंजके असतात. हातपाय कसे आणि किती हलवायचे, याचे नियंत्रण ते करतात, एवढेच पूर्वी मानले जाई. प्रत्यक्षात हे पुंजके कपाळामागच्या मेंदूशीही जोडलेले असतात. इच्छा होणे, राग आवरणे, कामाचे नियोजन करणे, दुसऱ्याच्या भावना ओळखणे ही कामे त्याच जोडणीवर चालतात.

गावातल्या डीपीचे उदाहरण घ्या. एकाच डीपीवरून घरातले दिवे, पिठाची गिरणी आणि शेतातला मोटारपंप चालतो. डीपीत बिघाड सुरू झाला की तो लगेच जळत नाही. आधी घरातले दिवे मिणमिणतात, पंखा मंदावतो. मोटारपंप बंद पडतो तेव्हा कुठे सगळ्यांना कळते की डीपी गेला. हंटिंग्टनसारख्या आजारात चिडचिड, उदासी, निरुत्साह हे मिणमिणणारे दिवे असतात. हातपायांची अनियंत्रित हालचाल ही पुढची पायरी असते.

लहान मेंदूचेही तसेच आहे. तो फक्त तोल सांभाळतो असे शाळेत शिकवले जाते. पण लहान मेंदूच्या आजारात विचार आणि भावनांवरही परिणाम होतो, हे जेरेमी श्मामन आणि जेनेट शर्मन या संशोधकांनी १९९८ मध्ये सविस्तर मांडले.

थोडक्यात, अशा रुग्णाची उदासी ही ‘आजाराचे कळल्यामुळे आलेली काळजी’ एवढीच नसते. ती अनेकदा आजाराचाच भाग असते. आपल्याला काही आजार आहे, याची कल्पनाही नसताना ती सुरू होऊ शकते.

हंटिंग्टन आजाराचा इतिहास काय सांगतो?

हा संबंध आज सापडलेला नाही. अमेरिकेतील जॉर्ज हंटिंग्टन या अवघ्या २२ वर्षांच्या डॉक्टरने १८७२ मध्ये एक छोटा लेख लिहिला. त्यात त्याने या आजाराची तीन वैशिष्ट्ये नोंदवली. आजार घराण्यात चालत येतो. त्यात वेड लागण्याकडे आणि आत्महत्येकडे कल असतो. आणि तो मोठेपणीच गंभीर रूप घेतो. मानसिक लक्षणांची नोंद पहिल्याच वर्णनात होती, हे महत्त्वाचे.

एका तरुण डॉक्टरला हे इतके स्पष्ट दिसले कसे? त्याचे वडील आणि आजोबाही न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर डॉक्टर होते. त्या परिसरातील त्याच कुटुंबांवर तिघांनी उपचार केले होते. रुग्णांच्या पिढ्या आणि डॉक्टरांच्या पिढ्या समोरासमोर होत्या. एका रुग्णाकडे पाहून जे कळले नसते, ते तीन पिढ्या एकत्र पाहिल्यावर कळले. आजही या आजारांच्या निदानाची सुरुवात तिथूनच होते.

या आजाराचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे, हे १९८३ मध्ये कळले आणि प्रत्यक्ष जनुक १९९३ मध्ये सापडले. त्यासाठी व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठच्या मोठ्या कुटुंबांची वंशावळ आणि रक्ताचे नमुने उपयोगी पडले. नॅन्सी वेक्सलर या संशोधिकेचा त्यात मोठा वाटा होता. त्यांच्या आईलाही हाच आजार होता.

या जनुकात ‘सीएजी’ ही तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. ती २६ वेळांपर्यंत आली तर काही बिघडत नाही. ४० किंवा त्याहून जास्त वेळा आली तर पूर्ण आयुष्य लाभलेल्या माणसाला आजार होतोच. ३६ ते ३९ या टप्प्यात तो होईल किंवा होणारही नाही. लक्षणे बहुधा ३० ते ५० या वयात सुरू होतात. म्हणजे तोवर लग्न झालेले असते, मुले झालेली असतात.

अमेरिकी लोकगायक वुडी गथ्री यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यांच्या आईचा शेवट मनोरुग्णालयात झाला. पुढे स्वतः गथ्री विचित्र वागू लागले, तेव्हा आधी मद्यपान, मग स्किझोफ्रेनिया असे शिक्के बसले. हंटिंग्टनचे निदान १९५२ मध्ये झाले. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले.

मुलांना धोका किती?

हे गणित समजून घेणे गरजेचे आहे, कारण गावोगावी त्याबद्दल चुकीच्या समजुती आहेत.

हंटिंग्टनमध्ये आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असेल, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. नाणेफेकीसारखी. पहिल्या मुलाला मिळाला म्हणून दुसरा सुटला, असे होत नाही. प्रत्येक वेळी नाणे नव्याने उडते. मुलगा-मुलगी असा भेदही नाही. ज्याला बिघडलेले जनुक मिळाले नाही, त्याच्या मुलांना हा आजार त्याच्याकडून जात नाही. ‘एक पिढी सोडून येतो’ ही समजूत या आजाराला लागू नाही.

विल्सनचे गणित वेगळे आहे. त्यात आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेले जनुक यावे लागते. आईवडील स्वतः ठणठणीत असतात. त्यांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यामुळे ‘आमच्या सात पिढ्यांत कुणाला नव्हते’ असे म्हणून हा आजार नाकारता येत नाही. इथे आजोबांपेक्षा भावंडांकडे पाहावे लागते.

विल्सन आजाराकडे विशेष लक्ष का हवे?

कारण या यादीत प्रभावी उपचार असलेला हाच ठळक आजार आहे. आणि तो कोवळ्या वयात गाठतो.

अन्नातून शरीरात थोडे तांबे रोज जाते. जास्तीचे तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. ‘एटीपी७बी’ या जनुकात बिघाड असला की ते बाहेर पडत नाही. आधी यकृतात साठते, मग मेंदूत. ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ सॅम्युएल किनिअर विल्सन यांनी १९१२ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले. भारतातही त्याची नोंद जुनी आहे. मुंबईत डॉ. दस्तूर, मंघानी आणि डॉ. नोशिर वाडिया यांनी १६ कुटुंबांतील विल्सन रुग्णांचा अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध केला होता.

बहुतेक रुग्णांत लक्षणे शाळकरी वयापासून पस्तिशीपर्यंत दिसतात. हुशार मुलाचे गुण अचानक घसरतात. अक्षर बिघडते. मुलगा हट्टी, रागीट, बेफिकीर होतो. कुणी एकलकोंडे होते, कुणाला भास होतात. मग बोलणे अस्पष्ट होते, तोंडातून लाळ गळते, हात थरथरतो, अंग वाकडे होते. घरचे म्हणतात ‘वयाचा परिणाम’, शाळा म्हणते ‘मोबाइलचा नाद’. काही जणांना आधी काविळीचा झटका येऊन गेलेला असतो. ती काविळीची माळ घालून किंवा झाडपाल्याने ‘उतरवलेली’ असते, म्हणून विस्मरणात जाते. एखादे भावंड लहानपणीच काविळीने दगावलेले असते. डॉक्टरांसाठी हा फार मोठा धागा असतो, पण तो कुणी सांगत नाही.

जगभरात या आजाराचा ढोबळ अंदाज ३० हजार लोकांत एक असा धरला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे पावणेबारा लाख होती. तोच अंदाज जसाच्या तसा लावला, तर हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांत मिळून सुमारे ४० जण निघतील. हे प्रत्यक्ष मोजलेले आकडे नव्हेत. पण ‘आपल्याकडे असे काही नसते’ म्हणण्याइतकाही हा आजार दूरचा नाही. शिवाय मराठवाड्यात मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक करण्याची पद्धत अनेक समाजांत आहे. नात्यातल्या लग्नात दोघांकडेही एकच बिघडलेले जनुक असण्याची शक्यता वाढते.

तपासण्या फार अवघड नाहीत. डोळ्याच्या बुबुळाभोवती तांब्याची तपकिरी-हिरवट कडी दिसते का, हे नेत्रतज्ज्ञ ‘स्लिट लॅम्प’ यंत्रावर पाहतात. रक्तातील सेरुलोप्लास्मिन आणि २४ तासांच्या लघवीतील तांबे मोजले जाते. पेनिसिलामाइन, ट्रायेंटिन किंवा जस्ताची औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. लवकर सुरू केली तर रुग्ण शिकतो, नोकरी करतो, संसार करतो. बरे वाटले म्हणून मध्येच बंद केली तर यकृत निकामी होऊन जीव जाऊ शकतो. तांब्याच्या भांड्यातील पाणी पिऊन हा आजार होत नाही. मात्र झाला असेल तर ते पाणी टाळायचे असते.

आणि एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एकाचे निदान झाले की त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी व्हायलाच हवी. लक्षणे नसलेल्या भावंडाला औषध सुरू केले तर आजार अंगावर येण्याआधीच रोखता येतो.

पन्नाशीत स्वभाव बदलला तर?

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया हे नाव हॉलीवूड अभिनेता ब्रूस विलिस यांच्यामुळे २०२३ मध्ये अनेकांनी पहिल्यांदा ऐकले. या आजारात विसराळूपणा आधी येत नाही, आधी माणूस बदलतो. आयुष्यभर शब्द जपून वापरणारा चारचौघांत वाटेल ते बोलतो. पै-पै जोडलेले पैसे उधळतो. घरातल्या मयतीलाही त्याच्या चेहऱ्यावर दुःख दिसत नाही. सतत गोड खातो, तीच तीच कृती करत राहतो. लक्षणे बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतात. त्यामुळे हा नैराश्याचा, उन्मादाचा किंवा व्यसनाचा प्रकार समजला जातो.

या आजाराच्या बऱ्याच रुग्णांच्या घरात असा इतिहास आढळतो. २०११ मध्ये ‘सी९ऑर्फ७२’ या जनुकातील बिघाड सापडला. एकाच घरात कुणाला हा डिमेन्शिया, तर कुणाला स्नायू गळत जाणारा ‘एएलएस’ का होतो, याचे उत्तर त्यातून मिळाले. हा बिघाड असलेल्यांपैकी काहींना स्मृतिभ्रंशाच्या आधी भास आणि भ्रम होतात. अशा कुटुंबांत स्किझोफ्रेनियासारखे आजार तुलनेने जास्त आढळल्याचे अभ्यासही आहेत.

महाराष्ट्राने या अभ्यासात कोणती भर घातली?

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. नोशिर वाडिया आणि आर. के. स्वामी यांनी १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नामांकित नियतकालिकात नऊ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या कुटुंबांतील रुग्णांचा तोल जात असे. शिवाय त्यांचे डोळे एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे विलक्षण संथपणे वळत. हा आनुवंशिक आजाराचा वेगळा प्रकार आहे, हे त्यांनी जनुकीय चाचण्यांचा मागमूस नसताना केवळ रुग्ण आणि त्यांची कुटुंबे पाहून ओळखले. पुढे १९९६ मध्ये जनुक सापडल्यावर हा आजार प्रामुख्याने ‘एससीए-२’ असल्याचे स्पष्ट झाले.

या गटातील आजारांत नैराश्य मोठ्या प्रमाणावर आढळते. ‘एससीए-१७’ या प्रकारात तर भास आणि वर्तनातील बदल इतके ठळक असतात, की तो हंटिंग्टनसारखाच भासतो. तोल जाणारा माणूस गावात ‘पिऊन आला’ म्हणून हिणवला जातो, तो अपमान वेगळाच.

मग प्रत्येक मानसिक आजार आनुवंशिक झीज समजायचा का?

मुळीच नाही. नैराश्य, चिंतारोग, स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवीय विकार यांच्या बहुसंख्य रुग्णांचा अशा मेंदूविकारांशी काहीही संबंध नसतो.

मानसिक आजारांतही आनुवंशिकता असते, पण तिचा प्रकार वेगळा आहे. तिथे एक जनुक निर्णय करत नाही. शेकडो जनुकांचा थोडा थोडा वाटा आणि त्यावर परिस्थितीचा परिणाम, असे ते मिश्रण असते. स्किझोफ्रेनिया सर्वसाधारणपणे १०० पैकी एकाला होतो. आई किंवा वडिलांना तो असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण १० टक्के असते. म्हणजे १० पैकी ९ मुलांना तो होत नाही. हंटिंग्टनच्या ५० टक्क्यांशी याची तुलना होऊ शकत नाही. ‘त्या घरात वेड आहे’ म्हणून सोयरीक मोडणे शास्त्राला धरून नाही.

‘सायन्स’ नियतकालिकात २०१८ मध्ये मेंदूच्या २५ विकारांचा मोठा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे दोन लाख ६५ हजार रुग्णांची माहिती होती. मानसिक आजारांची जनुकीय मुळे एकमेकांत बरीच गुंतलेली असल्याचे त्यात दिसले. अल्झायमर, पार्किन्सनसारखे मेंदूविकार मात्र त्यांच्यापासून आणि आपसांतही बरेचसे वेगळे निघाले. म्हणजे सर्व मेंदूविकार आणि सर्व मानसिक आजार एकाच मुळातून आलेले नाहीत. काही विशिष्ट आनुवंशिक आजार मनाच्या रूपाने प्रकट होतात, इतकाच या संबंधाचा अर्थ आहे.

निदान चुकते कुठे?

पहिली चूक घरापासून सुरू होते. वागणे बदलले की आधी देवऋषी, अंगारा, गंडादोरा होतो. त्यात कधी वर्ष जाते, कधी मारहाणही होते. भूत उतरवण्याच्या नावाखाली रुग्णाला बांधणे, मारणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

दुसरी चूक लपवण्याची. मुलींची लग्ने अडतील म्हणून चुलत्याचा, आत्याचा आजार डॉक्टरांनाही सांगितला जात नाही. सुनेला झाले तर दोष माहेरावर, मुलाला झाले तर दोष सुनेच्या पायगुणावर, असा हिशेब मांडला जातो.

तिसरी चूक उपचारात होते. मनोविकाराच्या काही गोळ्यांनी हात थरथरतात, अंग ताठरते, हे खरे आहे. त्यामुळे रुग्ण ताठरला की ‘गोळ्यांनी झाले’ असे म्हणून विषय संपतो. पण विल्सनच्या रुग्णांचा मेंदू या गोळ्यांना फार संवेदनशील असतो. कमी मात्रेतही खूप त्रास झाला, गोळी बदलूनही ताठरपणा गेला नाही, तर तो आजाराचाच इशारा असू शकतो. अशा वेळी गोळ्या परस्पर बंद न करता मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

चौथी अडचण व्यवस्थेची. मनाचे डॉक्टर एका दालनात, मेंदूचे दुसऱ्या शहरात, यकृताचे तिसरीकडे. कागद वेगवेगळे असतात. भाऊ एका दवाखान्यात काविळीवर उपचार घेतो आणि बहीण दुसरीकडे भासांवर. दोघांची नावे एका कागदावर कधी येतच नाहीत.

हिंगोलीतील कुटुंबाने काय करावे?

सुरुवात खर्चाविना होते. मराठवाड्यात वंशावळ हा शब्द आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जात पडताळणीसाठी, जमिनीच्या वाटणीसाठी पणजोबापर्यंतची नावे लोकांनी लिहून काढली आहेत. तोच कागद घ्यायचा आणि त्यात आजाराची माहिती भरायची. एक फरक मात्र हवा. जातीच्या वंशावळीत बहुधा पुरुषांचीच नावे असतात. इथे आत्या, मावश्या, लग्न होऊन गेलेल्या बहिणी आणि आईचे माहेर हे सगळे यायला हवे.

प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहाव्यात. वागणे बदलले होते का आणि कोणत्या वयात? हातपाय हलणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे होते का? लहानपणी काविळ झाली होती का? मृत्यू कोणत्या वयात आणि कसा झाला, त्यात आत्महत्या होती का? घरातल्या म्हाताऱ्या बायांना हे सगळे पाठ असते. त्यांना शांतपणे विचारावे.

एकाच घरात कमी वयात असे दोन किंवा अधिक जण असतील, मानसिक आजारासोबत हालचालीत बिघाड असेल किंवा तरुण रुग्णाला काविळीचा इतिहास असेल, तर हा कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत मनोविकारांवर उपचार मिळतात. हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. पुढील तपासणीसाठी नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळचे आहे. आनुवंशिक आजारांसाठी मुंबईचे केईएम, हैदराबादचे निम्स आणि बेंगळूरुचे निम्हान्स या संस्थांमध्ये तज्ज्ञ सेवा आहे. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. ती हिंगोलीहून लांब आहेत. त्यामुळे गावाजवळच पहिली शंका घेतली जाणे अधिक मोलाचे ठरते.

ही शंका आशाताईही घेऊ शकतात. कोणत्या घरात कोण आजारी आहे, हे त्यांना माहीत असते. एकाच घरातील दोन आजार त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात एकत्र सांगितले, तरी निदानाची अनेक वर्षे वाचू शकतात.

जनुकीय चाचणी करावी का?

ज्याला लक्षणे आहेत, त्याची चाचणी निदानासाठी उपयोगी असते. विल्सनच्या रुग्णाच्या भावंडांची तपासणीही करायलाच हवी, कारण तिथे उपचार आहे.

हंटिंग्टनमध्ये लक्षणे नसलेल्या मुलांचा प्रश्न नाजूक आहे. उत्तर ‘हो’ आले तर आज आजार थांबवणारा उपचार हाती नाही. म्हणून ही चाचणी सज्ञान व्यक्तीच्या स्वतःच्या इच्छेने आणि समुपदेशनानंतरच करतात. लहान मुलांची ती करत नाहीत. सासरच्यांनी अट घातली म्हणून किंवा भावाने आग्रह धरला म्हणून ती करू नये. जाणून घेण्याचा जसा हक्क आहे, तसाच न जाणण्याचाही आहे. मूल होण्याआधी समुपदेशन घेतले तर दांपत्याला आपले पर्याय समजतात.

उपचार नसतील तर निदानाचा उपयोग काय?

आजार बरा होत नसला तरी त्रास कमी करता येतो. हंटिंग्टनमधील नैराश्य, चिडचिड, भास यांवर नेहमीची मनोविकाराची औषधे उपयोगी पडतात. अनियंत्रित हालचालींसाठी टेट्राबेनाझिन वापरतात. मात्र त्याने नैराश्य वाढू शकते, म्हणून मनाकडेही लक्ष ठेवावे लागते. व्यायामोपचार, गिळण्याचे प्रशिक्षण आणि पोटभर, उष्मांकयुक्त आहार यांनी फरक पडतो.

हंटिंग्टनमध्ये आत्महत्येचा धोका दोन टप्प्यांवर जास्त आढळला आहे. निदान होण्याच्या आसपास, आणि पुढे वाहन चालवणे, व्यवहार सांभाळणे अशी कामे हातून सुटू लागतात तेव्हा. या काळात माणसाला एकटे सोडू नये. शेतीच्या घरात फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत सेवा २४ तास सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक रुग्णासाठी आहे, तसाच सांभाळणाऱ्या घरच्यांसाठीही.

निदानाचा कागद हातात असला की हक्कही मागता येतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मानसिक आजार आणि दीर्घकालीन मेंदूविकार या दोन्हींचा समावेश आहे. ठरलेल्या प्रमाणात दिव्यांगत्व असल्यास प्रमाणपत्र आणि ‘यूडीआयडी’ कार्ड मिळते. मानसिक आजाराला विम्यात शारीरिक आजाराप्रमाणेच वागणूक द्यावी, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो.

याहून मोठा बदल घरात होतो. बापाने आपल्याला मारले ते तो वाईट होता म्हणून नव्हे, तर त्याचा मेंदू झिजत होता म्हणून, हे मुलांना उशिरा का होईना कळते. पांढऱ्या पायाची म्हणून हिणवलेल्या सुनेवरचा ठपका पुसला जातो. आणि विल्सन असेल, तर शाळेत जाणाऱ्या धाकट्या बहिणीवर वेळेत उपचार सुरू होतात. त्यासाठी थोरल्याच्या आजाराविषयी बोलायला घरातल्या कुणीतरी सुरुवात करावी लागते.